एकेचाळीस वेळा ‘आहे’

आमच्या ऑफिसात यादीकाकूंना घाबरत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांची टिंगल करत नाही असाही नव्हता. मी दोन्हींत पुढे होतो.

दिसायला घाबरण्यासारखं काही नाही. बुटक्या, वय सत्तावन्न, दोन चष्मे, त्यातला एक नाकावर आणि एक डोक्यावर. गुडघे दुखायचे म्हणून टेबलाखाली रद्दीची टोपली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवायच्या. कॉम्प्युटरचं फंक्शन कसं लिहितात ते त्यांना येत नव्हतं आणि येत नाही याची लाजही नव्हती. “स्वयंपाक तुम्ही करा, डबा मी भरते,” म्हणायच्या.

कंपनी लहान, एका इमारतीचा तिसरा मजला, चौदा माणसं. आम्ही यंत्रं बनवत नव्हतो, यंत्रं बनवणाऱ्यांना लागणारी फंक्शनं लिहून देत होतो. सेन्सर यंत्राकडे नुसते विजेचे आकडे पाठवतो. त्या आकड्यांचं तापमान करायचं, हीटर किती चालवायचा ते ठरवायचं, काही बिनसलं तर घंटा वाजवायची, ही कामं प्रत्येकाने नव्याने लिहीत बसण्यापेक्षा आमच्याकडून तयार घ्यायची, घरी दळण्यापेक्षा तयार पीठ आणावं तशी. अशा फंक्शनांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात आणि ती पॅकेज बांधून पाठवतात. आमच्या पॅकेजमध्ये एकेचाळीस फाइली असायच्या. फंक्शनांच्या, कोष्टकांच्या, नमुन्यांच्या, एक माहितीपत्रक, एक परवाना, आणि एकेचाळिसावी खुद्द यादीची. म्हणजे यादीत यादीचंही नाव. काकू जनगणनेला निघाल्या तर आधी स्वतःला मोजतील, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो.

पॅकेज बाहेर जायच्या दिवशी यादीवाचन व्हायचं. हा प्रकार मी दुसऱ्या कुठल्या कंपनीत पाहिला नाही. काकू कागदावरची यादी हातात घेऊन बसायच्या आणि एक-एक नाव मोठ्याने वाचायच्या. समोर एकजण कॉम्प्युटरवर ती फाइल उघडणार, पहिली ओळ आणि शेवटची ओळ मनात वाचणार आणि मग म्हणणार, “आहे.” एकेचाळीस नावं, एकेचाळीस वेळा ‘आहे’. मग रजिस्टरमध्ये दोन सह्या, वाचणाऱ्याची आणि उघडणाऱ्याची. वाचताना काकू डोळे मिटून घ्यायच्या. यादी पाठ होती, कागद नावाला. त्यांचं सगळं ध्यान समोरच्याच्या आवाजाकडे असायचं.

सहा वर्षं उघडणारा मी होतो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. “शहाण्या, चल, उघड,” एवढंच.

ही सवय त्यांनी बाइंडिंगच्या कारखान्यातून आणली होती. लग्नाआधी त्या आणि त्यांची धाकटी बहीण तिथे कामाला होत्या. छापलेल्या पानांचे सोळा-सोळांचे गठ्ठे क्रमाने लावून पुस्तक करायचं. मोठी क्रम वाचायची, धाकटी गठ्ठ्याला हात लावून ‘आहे’ म्हणायची. एकदा गणिताच्या पुस्तकात गठ्ठा जागेवर होता, पण आधीचाच दुसऱ्यांदा लागला होता. धाकटीने नुसता हात लावला, पान उलटलं नाही. पुस्तकं शाळांत गेली. “त्या वर्षी कितीतरी पोरांना भागाकार आला नाही,” काकू हसत सांगायच्या, पण पुढे एक वाक्य हसल्याशिवाय यायचं. नाव बघून ‘आहे’ म्हणायचं नाही, उघडून म्हणायचं.

नवरा बस चालवायचा, तो सकाळी लवकर जायचा. मुलगी पुढे लग्न होऊन लांब गेली. पस्तिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा वर्ग लावून काकू या कंपनीत टायपिंगला आल्या. त्याच वर्षी पॅकेजातून एक फाइल राहून गेल्याने मालकांना गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली, तेव्हा काकूंनी यादीवाचन सुरू केलं. मालकांना ते पटलं. आम्हाला मात्र सगळं बावळटपणाचं वाटायचं. मोजणी कॉम्प्युटर करतो, फाइल कमी असेल तर तोच ओरडतो, मग ही पोपटपंची कशाला? हे मी काकूंच्या तोंडावर बोललो होतो. त्या म्हणाल्या, “तो मोजतो. वाचत नाही.”

आता मला माझ्या पापाकडे यायला हवं. मी ते पुष्कळदा टाळलं आहे.

आमच्या फाइलींत तेविसावी फाइल तापमानाच्या कोष्टकाची. सेन्सरचा आकडा घेऊन ती खरं तापमान देते. तपासणी करताना आम्ही तिच्या जागी एक खोटी फाइल ठेवायचो. नाव तेच, कारण नाव तेच नसेल तर बाकीची फंक्शनं तिला ओळखणार नाहीत. खोट्या फाइलीला काहीही विचारा, ती एकच उत्तर देते, छत्तीस पूर्णांक पाच. बाळाचं तापमान असावं तेवढं, नेमकं. काकूंच्या हट्टापायी तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘ही खोटी फाइल आहे. बाहेर पाठवू नये.’

चार-दोन हे नवं व्हर्जन बाहेर जायच्या आदल्या दिवशी मी दुसरं एक काम तपासायला ती फाइल तेविसाव्या जागी ठेवली आणि परत काढायची विसरलो. विसरणं चालून जातं. यादीवाचन त्यासाठीच असतं.

वाचनाच्या दिवशी दुपारी चारला बायकोची डॉक्टरकडे वेळ होती. आठवा महिना लागत होता, पाय सुजले होते. वाचन साडेतीनला सुरू झालं. वीस फाइलींपर्यंत मी नीट उघडलं. मग घड्याळ बघितलं. एकविसावी घाईने उघडली, बाविसावीची फक्त पहिली ओळ बघितली. काकूंनी तेविसावं नाव वाचलं. यादीत नाव दिसत होतं, जागेवर फाइल होती. मी म्हणालो, “आहे.”

पुढच्या अठरा मात्र परत नीट उघडल्या. का, ते मला सांगता येत नाही. बहुधा एकदा चोरी केली की माणूस थोडा वेळ सज्जन होतो. मी सही केली, बॅग खांद्यावर होतीच, जिना उतरलो. काकूंनी वरून विचारलं, “सुनबाई बरी आहे ना रे?” मी हात हलवला.

तीन आठवड्यांनी, दिवस भरायला सात आठवडे बाकी असताना, आम्हाला मुलगी झाली. वजन एक किलो सहाशे. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बायको वरच्या मजल्यावर, ताप आल्यामुळे खाली यायला परवानगी नाही. बाप म्हणून मला दुपारी दोन तास पेटीजवळ स्टुलावर बसू देत.

पेटी नवी चकचकीत, पोरीला त्या दुपारीच तिच्यात हलवलेलं. यंत्र बनवणारी कंपनी आमची गिऱ्हाईक. मी सासूबाईंना काचेपलीकडून खुणेने दाखवलं की पडद्यावरचं तापमान आमच्या ऑफिसातून आलं आहे. त्यांना काही कळलं नाही, पण कौतुकाने मान हलवली. माझी छाती फुगली. हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

पडद्यावर ३६.५ होतं. सिस्टर म्हणाली, फार गुणी बाळ, आकडा कसा अगदी स्थिर आहे.

मी बसलो. पोरीच्या पोटावर सेन्सरची चकती चिकटवलेली होती. छाती भराभर वरखाली होत होती. मी आकडा बघत होतो कारण पोरीकडे बघवत नव्हतं. पाच मिनिटं गेली, ३६.५. दहा गेली, ३६.५.

जिवंत माणसाचं तापमान असं उभं राहत नाही. एक दशांश वर, एक दशांश खाली, ते चुळबुळ करतच राहतं. माझी सहा वर्षं ती चुळबुळ बघण्यात गेली होती. मी स्वतःला समजावलं की नवं यंत्र आहे, आकडा सावकाश बदलत असेल. मग सिस्टरने पेटीच्या बाजूची खिडकी उघडली, दोन्ही हात आत घातले, लंगोट बदलला. बाहेरची गार हवा आत जात होती. पोरीने पाय आखडले. आकडा हलला नाही.

माझी पाचावर धारण बसली. आठवायचा प्रयत्न मी केला नाही, आपोआप आठवलं. काकूंचा आवाज, तेविसावं नाव आणि माझा ‘आहे’. पडद्याच्या कोपऱ्यात माहितीचं पान होतं, बोट लावलं की उघडायचं. मी बोट लावलं. आमच्या लायब्ररीचं नाव होतं आणि पुढे चार-दोन.

घंटा वाजणार नव्हती. घंटेचं फंक्शनही त्याच तेविसाव्या फाइलीला विचारतं. हीटरही तिलाच विचारतो, आणि ती सांगत होती की सगळं ठीक आहे, जास्त तापवू नकोस. माझी मुलगी गार पडत होती आणि खोलीतली सगळी माणसं तिच्या गुणीपणावर खूष होती.

आता लाजिरवाणी गोष्ट. मी लगेच बोललो नाही. अकरा मिनिटं मूग गिळून बसलो. बोललो तर सिस्टर विचारेल तुम्हाला कसं कळलं, मग डॉक्टर विचारतील, मग मालक, मग बायको. मी आकड्याला विनवत होतो. हल, एकदाच हल, छत्तीस पूर्णांक चार हो. असल्या प्रार्थनेला काय म्हणायचं? शेवटी मी पोरीला तिथेच सोडून बाहेर पॅसेजमध्ये आलो आणि काकूंना फोन लावला.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. पेटी, आकडा, चार-दोन.

“पोरीच्या पोटाला कुणी हात लावला?” काकूंनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मग मला कशाला फोन केलास? आत जा. सिस्टरला सांग, यंत्रावर माझा विश्वास नाही, हाताने मोजा. का म्हणाली तर बाप आहे म्हणून सांग.”

फोन त्यांनीच ठेवला.

सिस्टरला ते आवडलं नाही. हाताने मोजायची वेळ दर चार तासांनी असते, अजून दीड तास बाकी होता. आणि आकडा तर समोर दिसतो आहे. मी म्हणालो, मी बाप आहे. माझा आवाज इतका फाटला होता की तिने वाद घातला नाही. साधं थर्मामीटर काढलं, पोरीच्या काखेत धरलं. मी भिंतीला हात लावला होता आणि हाताखालची भिंत ओली झाली होती.

तिने थर्मामीटर उजेडाकडे केलं. पडद्याकडे बघितलं. परत थर्मामीटरकडे. चौतीस पूर्णांक आठ.

दुसरी सिस्टर धावत आली, कोपऱ्यातली जुनी पेटी ओढली गेली, मला बाहेर काढलं. काचेतून मी आठ हात बघितले आणि त्यांच्या मधे कुठेतरी माझी मुलगी. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की गरम होते आहे, वेळेत लक्षात आलं. वेळेत हा शब्द मला टोचला, पण मी तो घेतला. बायकोला वर जाऊन सांगितलं की पेटी बदलली, नवीतला आकडा बरोबर नव्हता. का नव्हता, ते सांगितलं नाही.

मग मी ऑफिसात गेलो. वाटतं सोपं, पण त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मला परत फिरावंसं वाटलं.

काकूंनी कपाटातली शिक्क्याची प्रत, बाहेर पाठवलेल्या पॅकेजची जपून ठेवलेली नक्कल, काढून कॉम्प्युटरला लावली होती. तेविसावी फाइल उघडी होती. पहिली ओळ त्यांच्याच हट्टाने लिहिलेली. मालक फोनवर यंत्र बनवणाऱ्यांशी बोलत होते. कळलं ते असं, की नवं व्हर्जन त्याच आठवड्यात नऊ पेट्यांत गेलं होतं. तिथल्या माणसाने एकदा तपासलं होतं, सेन्सर नेमका साडेछत्तीस अंशांच्या पाण्यात बुडवून. पडद्यावर साडेछत्तीस आलं. पास. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे दळणारे आणि खाणारे दोघेही आंधळे. त्यांनी सगळ्यांना पत्र पाठवायचं कबूल केलं.

“पत्र वाचेपर्यंत पोरं गार पडतील,” काकू म्हणाल्या आणि नऊ जागांची यादी मागून घेतली.

आम्ही समोरासमोर बसलो. नेहमीच्याच खुर्च्या. त्या नाव वाचायच्या, मी स्पीकरवर फोन लावायचो. पलीकडच्या सिस्टरला सांगायचं, आकडा बघू नका, हाताने मोजा, मी थांबतो. ती मोजून आली की आमच्या दोघांत तो शब्द व्हायचा. “आहे.” म्हणजे बाळ उबदार आहे. पहिली जागा माझ्याच मुलीची, ती झालीच होती. दुसरी, रिकामी पेटी. तिसरी, आहे. चौथ्या जागेचं बाळ थोडं गार, त्यांनी लगेच उचललं. पाचवी, आहे. काकूंनी डोळे मिटले नव्हते. पहिल्यांदाच.

सहाव्या जागी एक गोड आवाजाची बाई होती. मी सांगितलं तसं ती हसली. म्हणाली, “काळजी करू नका हो. आमच्या पेटीतला आकडा सकाळपासून हललेला नाही.”

काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. त्या कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडल्या नाहीत. “बाई, मी कोण ते नंतर विचारा. आत्ता उठा आणि त्या लेकराच्या पोटावर हात ठेवा. मी लाइनवर आहे.”

पलीकडे चपलांचा आवाज गेला. तिचा फोन तिकडे टेबलावर ठेवलेला, त्यातून लांबची कुठलीतरी घंटा, एक दार. काकूंनी यादीचा कागद इतका घट्ट धरला की तो मधोमध फाटला. मग खूप माणसं एकदम बोलल्याचा आवाज आला आणि फोन कुणीतरी बंद केला. काकूंनी त्याच फाटक्या कागदावरून सातवं, आठवं, नववं नाव वाचलं; तिन्ही, आहे.

सहाव्या जागेचं ते बाळ बारा दिवस डॉक्टरांच्या हाती होतं. वाचलं, घरी गेलं. मुलगा की मुलगी, आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते बारा दिवस काकूंनी रोज सकाळी दहाला तिथे फोन केला. त्या बारा दिवसांत मला झोप लागली की स्वप्नात पडदा दिसायचा.

मालकांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. न सांगून जाणार कुठे, रजिस्टरमध्ये सही माझी होती. चौकशी झाली. मला पॅकेजच्या कामातून काढलं. नोकरीवरूनच काढायला हवं होतं, पण काकूंनी लिहून दिलं की यादी त्यांची, जबाबदारी त्यांची, आणि निवृत्तीला दहा महिने बाकी असताना स्वतःहून घरी बसल्या. सगळे म्हणाले, माऊलीने पोराला पदराखाली घेतलं. मीही तेच समजत होतो आणि त्या ओझ्याने दबून गेलो होतो.

मुलगी अडीच महिन्यांची झाली तेव्हा काकू घरी आल्या. हातात छोटी दुलई, स्वतः शिवलेली. बायकोला तोवर सगळं सांगून झालं होतं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती, पण काकूंना तिने वाकून नमस्कार केला. काकू संकोचल्या. मुलीला घेतलं नाही. पाळण्याशी वाकून दुपटं बाजूला केलं, डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पोटावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मीही हेच करतो, दिवसातून तीस-चाळीस वेळा. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, घरात दोन थर्मामीटर आहेत आणि माझा दोन्हींवर विश्वास नाही.

बायको आत गेली तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. माझ्या पापाची शिक्षा तुम्ही घेतलीत, मी तुमचा जन्मभर ऋणी, असलं काहीतरी. काकूंनी हात उचलला नाही. पोरीकडेच बघत राहिल्या.

“तुझी शिक्षा तुझ्याजवळच आहे, मी कशी घेईन,” त्या म्हणाल्या. “शहाण्या, मी बावीस वर्षं ‘आहे’ ऐकत आलेय. उघडून म्हटलेला कुठला आणि न उघडता म्हटलेला कुठला, मला कळत नाही होय? तेविसावीला तुझा ‘आहे’ लवकर आला. मी डोळे उघडले. तुझी बॅग खांद्यावर होती. वाटलं, बिचाऱ्याची बायको वाट बघत असेल. आणि मी चोविसावं नाव वाचलं.”

आतून बायकोने कपबश्या ठेवल्याचा आवाज आला. काकूंचा हात अजून पोरीच्या पोटावर होता.